नभोवाणी-दूरचित्रवाणी परवाना शुल्क

नभोवाणीचे वा दूरचित्रवाणीचे कार्यक्रम ग्रहण करणारा संच बाळगण्याबद्दल किंवा वापरण्याबद्दल नागरिकाने ठराविक मुदतीसाठी भरावयाची रक्कम. कायद्याने सक्तीचे असल्यामुळे हे शुल्क करासारखे दिसते. परंतु ते सर्व नागरिकांवर नसून केवळ संचधारकांवर बसविले जाते. दुसऱ्या बाजूने ते सेवेच्या मोबदल्यासारखे आहे. तथापि ज्या संस्थेसाठी ते गोळा होते तिचा एकही कार्यक्रम न ऐकणाऱ्यासही, घरी संच आहे एवढ्या कारणाने, ते द्यावे लागते. ह्या शुल्काची सर्व कायदेशीर मांडणी ‘संच’ ह्या एका शब्दाच्या व्याख्येवर आधारलेली आहे. संचाचे स्वरूप पालटले की व्याख्या तोकडी पडते आणि तिचा भुर्दंड प्रथम सामान्य श्रोत्या-प्रेक्षकास बसतो. रेडिओच्या आरंभापासून आंतरजालाच्या काळापर्यंत ह्या शुल्काविषयी उद्‌भवलेल्या बहुतेक तक्रारींचे मूळ येथे आहे.

प्रक्षेपकातून निघालेल्या तरंगांना दार नसते. नाटकगृहाप्रमाणे प्रवेशाच्या वेळी तिकीट घेणे येथे शक्य नाही आणि एक श्रोता वाढल्याने प्रक्षेपणाचा खर्चही वाढत नाही. त्यामुळे खर्च कोणाकडून व कसा वसूल करावा, हा प्रश्न १९२० नंतर सर्वच देशांना पडला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी जाहिरातींचा मार्ग पत्करला. ब्रिटनमध्ये बिनतारी संदेशवहनासाठी परवाना आवश्यक करणारा कायदा १९०४ पासूनच अस्तित्वात होता. त्याचाच आधार घेऊन १ नोव्हेंबर १९२२ पासून रेडिओ ग्राहीसाठी वार्षिक १० शिलिंगांचा परवाना सुरू करण्यात आला. मार्कोनी व इतर उत्पादक कंपन्यांनी मिळून स्थापिलेल्या ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनीस त्यातील निम्मा वाटा मिळे. डाक खाते परवाने देई व पैसे गोळा करी.

ह्या योजनेत एक अट होती. परवानाधारकाने सभासद कंपन्यांनी तयार केलेला व त्यांचा ठसा असलेलाच ब्रिटिश संच वापरला पाहिजे, असे बंधन होते. उत्पादकांच्या हितासाठी ते घालण्यात आले होते. पण त्या काळी स्फटिकाचा साधा संच घरच्या घरी, थोडी तार व काही सुटे भाग जमवून, कोणाही हौशी माणसास जुळविता येई. परदेशी भाग स्वस्त मिळत. अशा लोकांसाठी कोणताच परवाना नव्हता. ‘प्रयोगकर्त्यां’साठी वेगळा परवाना होता, म्हणून हजारो लोकांनी आपण प्रयोगकर्ते आहोत असे लिहून अर्ज केले. खरा प्रयोगकर्ता कोणता हे ठरविणे डाक खात्यास जमेना व अर्ज पडून राहिले. पुष्कळांनी अर्जाची यातायातही केली नाही. एप्रिल १९२३ मध्ये नेमलेल्या साइक्स समितीने ह्या गोंधळाची चौकशी केली. त्यानंतर स्वतः संच जुळविणाऱ्यांसाठी १५ शिलिंगांचा परवाना काढण्यात आला आणि पुढे १९२५ पासून सर्वांसाठी १० शिलिंगांचा एकच परवाना राहिला. भरावयाची वाट मोकळी होताच १९२३ च्या अखेरीपर्यंत परवान्यांची संख्या पाच लाखांवर गेली. पूर्वी चुकविणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोक पैसे देण्यास तयारच होते, हे ह्यावरून उघड झाले. १ जानेवारी १९२७ रोजी कंपनीच्या जागी राजसनदेने स्थापन झालेले ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन (बीबीसी) आले. जाहिरातदारांवर तसेच दरवर्षीच्या अर्थसंकल्पावर विसंबून नसलेले उत्पन्न, ही परवाना शुल्काची मुख्य उपयुक्तता तेव्हापासून सांगितली जाते.

ऑस्ट्रेलियात १९२३ मध्ये ह्याहून चमत्कारिक योजना अमलात आली. श्रोत्याने एका केंद्राची वर्गणी भरावी आणि त्याचा संच त्याच केंद्राच्या तरंगलांबीवर कायमचा मोहोरबंद करून द्यावा, असे ठरले. संच उघडून त्याची जुळणी बदलणे हौशी माणसास मुळीच अवघड नव्हते. वर्षभरात सु. १,४०० परवाने गेले आणि १९२४ मध्ये योजना गुंडाळावी लागली. जर्मनीत पहिला श्रोता-परवाना ऑक्टोबर १९२३ मध्ये, चलनफुगवट्याच्या ऐन कहरात दिला गेला. त्याचे वार्षिक शुल्क ३५० अब्ज मार्क इतके होते! चलन स्थिर झाल्यावर १९२४ पासून दरमहा २ मार्क हा दर ठरला.

भारत : इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचे उद्‌घाटन २३ जुलै १९२७ रोजी लॉर्ड अर्विन ह्यांच्या हस्ते झाले, कलकत्ता केंद्र २६ ऑगस्ट रोजी सुरू झाले. परवान्याचे शुल्क वर्षास १० रुपये असून त्यातील ८० टक्के रक्कम कंपनीस मिळे. शिवाय आयात संचांच्या किंमतीवरही तिला काही हिस्सा मिळत असे. योजना ब्रिटनच्या धर्तीवर आखलेली होती, परंतु परिस्थिती अगदी निराळी होती. मुंबईचा प्रक्षेपक अवघ्या दीड किलोवॉट शक्तीचा असल्याने शहराबाहेर थोड्या अंतरावर साध्या संचावर कार्यक्रम नीट ऐकू येत नसे. चांगले संच आयात केलेले व महाग होते. १९२७ च्या अखेरीस सबंध देशात ३,५९४ परवाने होते व पुढील दोन वर्षांतही ही संख्या ८,००० पर्यंत पोहोचली नाही. विनापरवाना ऐकणारेही होतेच, आणि कंपनीजवळ त्यांना शोधण्याचे साधन नव्हते. १ मार्च १९३० रोजी कंपनी दिवाळखोरीत निघाली. एप्रिलपासून सरकारने ही सेवा ताब्यात घेतली व ८ जून १९३६ रोजी तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. [→ आकाशवाणी].

भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम, १९३३ ह्या कायद्याने परवान्यावाचून संच नुसता जवळ बाळगणे हाही अपराध ठरला. तोवरची अडचण अशी होती की, संच वापरला हे सिद्ध करणे कठीण जाई. बाळगणे सिद्ध करणे त्यामानाने सोपे होते. डिसेंबर १९३२ मध्ये बीबीसीची साम्राज्य सेवा सुरू झाल्यामुळे संचांची मागणीही वाढू लागली होती. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सु. पावणेतीन लाख संच होते.

स्वातंत्र्योत्तर काळात घरगुती रेडिओस वर्षाला १५ रुपये व पुढे दूरचित्रवाणी संचास ५० रुपये असे दर होते; व्यापारी व सामुदायिक संचांचे दर वेगळे असत. परवाना एका लहान पुस्तिकेच्या स्वरूपात मिळे. ही पुस्तिका दरवर्षी डाकघरात नेऊन शुल्क भरावयाचे, मग तीत खास तिकिटे चिकटवून त्यांवर तारखेचा शिक्का मारला जाई. मुदत टळल्यास अधिभार पडे. घर बदलले, संच विकला वा मोडीत काढला, तरी त्याची वर्दी द्यावी लागे. रेडिओ घरातील प्रतिष्ठेची व एकुलती एक वस्तू होती, भिंतीवरच्या फळीवर तिचे ठरलेले स्थान होते आणि आकाशक छपरावर ताणलेला होता, तोवर ही व्यवस्था चालण्याजोगी होती. तपासनिसास रस्त्यावरूनही आकाशक दिसत असे. १९६० नंतर ट्रँझिस्टर संच आला तेव्हा हे चित्र मोडले. शेताच्या बांधावर, सायकलीच्या दांडीला, क्रिकेटच्या मैदानात काखोटीला मारून नेता येणाऱ्या संचाचा पत्ता कोणता, ह्याचे उत्तर पुस्तिकेत नव्हते. संच स्वस्त होत गेले तसे १५ रुपयांचे शुल्क त्याच्या किंमतीच्या मानाने डोईजड वाटू लागले. काही लाख परवान्यांसाठी बेतलेली यंत्रणा कोट्यवधी संचांचा माग ठेवू शकली नाही.

आणखी एक भेद येथे ध्यानात घेतला पाहिजे. ब्रिटनमध्ये परवान्याचा संबंध स्वायत्त महामंडळाशी जोडलेला होता. भारतात शुल्क सरकारी तिजोरीत जमा होई आणि आकाशवाणीस तिचा खर्च अर्थसंकल्पातून मिळे. श्रोता पैसे भरत होता, पण त्यायोगे आकाशवाणी सरकारपासून स्वतंत्र होत नव्हती. अशोक चंदा समितीने १९६६ मध्ये स्वायत्त महामंडळांची शिफारस केली. आणीबाणीतील अनुभवानंतर बी. जी. वर्गीज ह्यांच्या कार्यगटाने १९७८ मध्ये ‘आकाश भारती’ ह्या स्वायत्त न्यासाची योजना मांडली. त्यांपैकी कोणतीच तेव्हा प्रत्यक्षात आली नाही. दरम्यान जाहिरातींचे उत्पन्न सुरू झाले : विविध भारतीवर मुंबई, पुणे व नागपूर केंद्रांवरून १ नोव्हेंबर १९६७ पासून आणि दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून. १९८० नंतरच्या दशकाच्या मध्यास, प्रायोजित मालिकांचा जमाना सुरू होत असताना, रेडिओ व दूरचित्रवाणी ह्या दोहोंचे परवाने रद्द करण्यात आले. डाकघरातील वार्षिक खेप टळली, ह्याचा लोकांना आनंद झाला. प्रसारभारती अधिनियम १९९० मध्ये संमत होऊन १९९७ मध्ये अमलात आला; परंतु ह्या महामंडळाला स्वतःचे असे श्रोतृशुल्क नाही, त्याचा मोठा भार केंद्र सरकारच्या अनुदानावर राहिला. उपग्रह व केबल वाहिन्यांसाठी ग्राहक दरमहा जे पैसे मोजतो ते वितरकास जातात. परवाना शुल्काशी त्यांचा संबंध नाही.

दूरचित्रवाणी व संचशोधन : ब्रिटनमध्ये युद्धोत्तर दूरचित्रवाणी पुन्हा सुरू झाली तेव्हा, जून १९४६ मध्ये, २ पौंडांचा संयुक्त परवाना आला. रंगीत संचासाठी १ जानेवारी १९६८ पासून १० पौंड आकारण्यात येऊ लागले. केवळ रेडिओसाठीचा परवाना फेब्रुवारी १९७१ मध्ये बंद झाला. त्याचे एक कारण भारतातल्यासारखेच, म्हणजे ट्रँझिस्टर व मोटारगाडीतील संच, हे होते. दूरचित्रवाणीचा संच मात्र तेव्हा जड, वीजजोडणीस बांधलेला व घरातील एका कोपऱ्यात बसलेला होता. शुल्कास पुन्हा एकदा स्थिर आधार मिळाला.

परवान्यावाचून चालणारे संच हुडकण्यासाठी डाक खात्याने १९५२ मध्ये संचशोधक मोटारगाड्या रस्त्यावर आणल्या. त्यांचे तत्त्व असे : ४०५ रेषांच्या पद्धतीत चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉन शलाका सेकंदास १०,१२५ रेषा आखते; शलाकेस इकडून तिकडे वळविणाऱ्या वेटोळ्यांचे चुंबकीय क्षेत्र त्याच कंप्रतेने बदलते आणि गाडीवरील आकाशकांना ते घराबाहेरूनही जाणवते. पुढे संचातील स्थानिक आंदोलकातून बाहेर निसटणाऱ्या क्षीण तरंगांवरून संच चालू आहे की नाही व कोणती वाहिनी लावली आहे, हेही ओळखता येई. ह्या गाड्यांचा दबदबा मोठा होता. तथापि वसुलीचे खरे साधन कागदी होते : परवाना असलेल्या व नसलेल्या पत्त्यांची यादी. १९६७ च्या कायद्यान्वये दुकानदाराने संच घेणाऱ्याचे नाव व पत्ता कळविणे सक्तीचे होते; ते बंधन २०१३ मध्ये उठले. चपट्या पडद्याच्या संचांत शलाका वळविणारी वेटोळी नसतातच.

दर वाढत गेले. १९८१ अखेर रंगीत संचाचा परवाना ४६ पौंडांचा झाला, १९८५ मध्ये ५८ पौंडांचा आणि १ एप्रिल २०२५ पासून तो १७४.५० पौंडांचा झाला. कृष्णधवल संचाचा स्वतंत्र परवाना (२०२५ मध्ये ५८.५० पौंड) चालू राहिला, मात्र रंगीत ध्वनिचित्रमुद्रण करू शकणारी पेटी त्या संचास जोडली की रंगीत परवाना घ्यावा लागतो, पडदा कृष्णधवल असला तरी व्याख्येच्या दृष्टीने कार्यक्रम रंगीत ठरतो. अंध व्यक्तीस ५० टक्के सूट आहे. ७५ वर्षांवरील सर्वांना नोव्हेंबर २००० पासून मिळणारी माफी १ ऑगस्ट २०२० पासून निवृत्तिवेतन-साहाय्य घेणाऱ्या गरजूंपुरती मर्यादित झाली. परवान्याशिवाय पाहणे हा फौजदारी अपराध असून दंड १,००० पौंडांपर्यंत होऊ शकतो. दोषी ठरणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर आढळले आहे. चौकशीस आलेल्या माणसास दिवसा घरी भेटणारी व्यक्ती बहुधा स्त्री असते, हे त्यामागील एक कारण मानले जाते. श्रीमंत व गरीब ह्यांस एकच रक्कम, ही ह्या शुल्काची सर्वांत दुबळी बाजू होय, आणि तिचे समर्थन त्याच्या कट्टर पुरस्कर्त्यांनाही जड जाते.

संगणक व आंतरजाल : संगणकावर कार्यक्रम दिसू लागल्यावर ‘संच’ म्हणजे काय, हा १९२३ चा प्रश्न नव्या रूपात पुढे आला. जर्मनीने १ जानेवारी २००७ पासून आंतरजालास जोडता येणाऱ्या संगणकांना ‘नव्या प्रकारचे ग्राही’ मानून रेडिओच्या दराने, दरमहा ५.५२ यूरो, शुल्क लावले. ज्या लहान कचेरीत संगणक केवळ हिशेबासाठी होता तिलाही ते लागू झाले. स्वीडनच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने २०१४ मध्ये नेमका उलटा निर्णय दिला : आंतरजालास जोडलेला संगणक हा दूरचित्रवाणी ग्राही नव्हे. ब्रिटनमध्ये प्रक्षेपण चालू असताना ते कोणत्याही साधनावर पाहण्यास परवाना लागत असे. मागाहून पाहण्यास लागत नसे. १ सप्टेंबर २०१६ पासून बीबीसीच्या ‘आयप्लेअर’ सेवेवर मागाहून पाहण्यासही तो लागू लागला. जपानमध्ये १९५० च्या प्रक्षेपण कायद्याने, एनएचकेचे कार्यक्रम ग्रहण करू शकणारे साधन बसविणाऱ्याने त्या संस्थेशी करार करावा, असे म्हटले आहे. मोडणाऱ्यास शिक्षा मात्र सांगितलेली नाही. ही सक्ती घटनेस धरून आहे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरविले व २०१९ मध्ये दूरचित्रवाणी दिसू शकणाऱ्या भ्रमणध्वनीसही करार लागतो, असे मान्य केले. एनएचके दिसणारच नाही अशी गाळणी बसविलेल्या संचाच्या मालकिणीने जून २०२० मध्ये टोकिओच्या जिल्हा न्यायालयात दावा जिंकला. वरिष्ठ न्यायालयाने २०२१ मध्ये तो फिरविला. त्याच वर्षाच्या अखेरीस जपानी बाजारात ग्राहीच नसलेले, केवळ आंतरजालावर चालणारे ‘दूरचित्रवाणी संच’ विक्रीस आले.

पैसे भरूनही कार्यक्रम दिसेलच, ही खात्री आंतरजालाने काढून घेतली. रेडिओ तरंगांची मानके देशभर एकच असल्याने कोणत्याही कारखान्याचा संच कोणतेही केंद्र लावू शके. २००७ च्या जुलैत आयप्लेअर सार्वजनिक चाचणीसाठी खुले झाले, तेव्हा ते केवळ विंडोज एक्सपी ह्या प्रणालीवर व इंटरनेट एक्स्प्लोअरर ह्या न्याहाळकाच्या साहाय्याने चाले. उतरवून घेतलेला कार्यक्रम ३० दिवसांनी, किंवा एकदा पाहण्यास सुरुवात केल्यावर ७ दिवसांनी, आपोआप निकामी होई. मॅकिंटॉश व लिनक्स वापरणाऱ्या परवानाधारकांनी, शुल्क सर्वांकडून आणि सेवा एका कंपनीच्या ग्राहकांना, अशी तक्रार केली. सेवा सर्व प्रणालींवर चालावी, अशी अट बीबीसीच्या विश्वस्त मंडळानेही घातली होती. डिसेंबर २००७ मध्ये ‘फ्लॅश’ ह्या माध्यमातून थेट पाहण्याची सोय झाली; पण फ्लॅशही एका कंपनीच्याच मालकीचे होते व २०२० च्या अखेरीस त्याचा आधार संपला. महाजालाची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी ह्या संस्थेने सप्टेंबर २०१७ मध्ये कूटबद्ध चित्रफितींसाठीचे मानक संमत केले. काही सभासदांचा त्यास तीव्र विरोध होता व इलेक्ट्रॉनिक फ्राँटिअर फाउंडेशन ही संस्था त्यामुळे बाहेर पडली. ह्या मानकानुसार न्याहाळक व कूट उकलणारा घटक ह्यांच्यातील संभाषण सर्वांस ठाऊक असते, परंतु तो घटक स्वतः बंदिस्त राहतो. त्याच्या मालकाची अनुमती नसेल तर मानक पाळणारा न्याहाळकही चित्र दाखवू शकत नाही. १९२२ च्या ठशाशी ह्याचे साम्य लक्षणीय आहे. घरोघरी प्रत्यक्षात अनुभवास येते ते ह्याहून साधे असते : उत्पादकाने सुधारित आज्ञावली देणे थांबविले की, पडदा व आवाज उत्तम असलेल्या संचावरही सेवा उघडेनाशी होते.

संचाकडून घराकडे : संचाची व्याख्या सांभाळण्याचा नाद काही देशांनी सोडून दिला. जर्मनीत २०१३ पासून प्रत्येक घराने, संच असो वा नसो, अंशदान द्यावे असे ठरले. आरंभीचा दर दरमहा १७.९८ यूरो होता. तेथील घटना न्यायालयाने १८ जुलै २०१८ रोजी ही पद्धत मुख्यत्वे ग्राह्य धरली, फक्त दुसऱ्या घरासाठी त्याच व्यक्तीकडून पुन्हा वसुली करण्यास मनाई केली. संचतपासनिसाचे घरी येणे संपले, परंतु ज्यांच्याकडे काहीच संच नाही त्यांची तक्रार नव्याने सुरू झाली. स्वित्झर्लंडमध्ये शुल्कच रद्द करण्याचा प्रस्ताव मार्च २०१८ च्या सार्वमतात ७१.६ टक्क्यांनी फेटाळला गेला व २०१९ पासून तेथेही घरपट्टीवजा आकारणी आली. इटलीने २०१६ पासून शुल्क विजेच्या देयकात घातले. त्यामुळे चुकवेगिरी झपाट्याने घटली. फिनलंडने २०१३ मध्ये, स्वीडनने २०१९ मध्ये व नॉर्वेने २०२० मध्ये कररूपाने वसुली सुरू केली. फ्रान्सने १९३३ पासूनचे शुल्क, शेवटी वर्षास १३८ यूरो, २०२२ मध्ये रद्द करून त्या जागी मूल्यवर्धित करातील हिस्सा दिला. ऑस्ट्रेलियाने १९७४ मध्ये, न्यूझीलंडने १९९९ मध्ये व नेदर्लंड्सने २००० मध्ये आपापली परवाना पद्धती बंद केली होती.

शुल्क कररूप झाले की भरणाऱ्याचा त्रास कमी होतो आणि उत्पन्नानुसार आकारणी शक्य होते. परंतु रक्कम ठरविण्याचा अधिकार अर्थखात्याच्या अधिक जवळ जातो. ह्यासाठी जर्मनीत निधीची गरज एका स्वतंत्र आयोगाने ठरवावी, अशी व्यवस्था आहे. एका राज्याने वाढीस संमती नाकारली तेव्हा २०२१ मध्ये घटना न्यायालयाच्या आदेशाने दर १८.३६ यूरो झाला. ब्रिटनमध्ये दर सरकार ठरविते. तो २०१० ते २०१७ ह्या काळात १४५.५० पौंडांवर व पुन्हा २०२४ पर्यंत दोन वर्षे १५९ पौंडांवर गोठविण्यात आला होता. बीबीसीच्या राजसनदेची मुदत ३१ डिसेंबर २०२७ पर्यंत असून परवाना पद्धतीच्या भवितव्याचा विचार तिच्या नूतनीकरणाबरोबर व्हावयाचा आहे.